आईच्या मापाचा कॉर्सेट

आमच्या घरात सगळ्यात जास्त बोलायचा तो एसी. शारजातल्या अल नहदामध्ये, जिथे रस्ता ओलांडला की दुबई सुरू होते, तिथल्या एका उंच इमारतीत आम्ही राहायचो, आणि वर्षातले बरेचसे महिने त्या एसीची घरघर हाच घराचा आवाज होता. तो मधेच बंद पडला की आई आणि मी दोघी दचकून वर बघायचो. त्याच्या खालोखाल लिफ्ट. माझी खोली लिफ्टच्या भिंतीला लागून होती, त्यामुळे भिंतीच्या आतून कुणीतरी सारखं खाली उतरतंय असं वाटायचं. वर जाणारी लिफ्ट मला कधी ऐकू आल्याचं आठवत नाही, फक्त उतरणारी. बाबा म्हणायचे, असं होऊच शकत नाही. बाबा इंजिनियर होते, त्यामुळे पुष्कळ गोष्टी होऊच शकत नव्हत्या.

बाबा रास अल खैमाच्या एका टाइल्सच्या कारखान्यात क्वालिटीला होते. भट्टीत गेलेली फरशी आकसते, आणि ती किती आकसली हे मोजणं त्यांचं काम. आठवडाभर ते तिकडेच कंपनीच्या क्वार्टरमध्ये राहायचे आणि सुट्टीला घरी यायचे. ते आले की घर जागं व्हायचं. आई सुरमईचं कालवण करायची, नारळ खवण्याचा आवाज यायचा, टीव्हीवर मराठी बातम्या लागायच्या, आणि बाबा जेवताना कारखान्यातल्या पठाण फोरमनच्या गोष्टी त्याच्याच हिंदीत सांगायचे. ते परत गेले की आम्ही दोघी पुन्हा मुगाच्या खिचडीवर आणि एसीवर यायचो. आई ठाण्याची. लग्नाआधी बँकेत नोकरी केलेली, इथे आल्यावर सुटलेली. तिच्याकडे टेबलावर ठेवायचं एक छोटं शिवणयंत्र होतं आणि त्यावर ती ब्लाउज शिवायची, साड्यांना फॉल लावायची, आणि शिवताना फार जुनं काहीतरी गुणगुणायची. शब्द तिलाही येत नसत.

या प्रकरणात मला फक्त त्या एका वर्षाचे गणपतीनंतरचे दिवस लिहायचे आहेत. त्या दिवसांत आम्ही आईला जवळजवळ गमावलं होतं, आणि ते मला कुणा डॉक्टरने सांगितलं नाही, मी स्वतः शिवलेल्या एका कपड्याने सांगितलं. आता मी केस रंगवायचं सोडून दिलेली बाई आहे, भुताखेतांवर माझा विश्वास नाही. पण त्या कपड्याबद्दल बोलताना अजून आवाज खाली जातो, हेही खरं.

सुरुवात रोशेलने केली. रोशेल माझी वर्गमैत्रीण, अल कुसैसला राहणारी, मूळची वसईची. तिच्या घरी हॅलोविनची पार्टी ठरली होती आणि तिने जाहीर केलं होतं की दुकानातून आणलेला ड्रेस घालून येणाऱ्याला दारातून परत पाठवलं जाईल. मी मेलेली राणी व्हायचं ठरवलं. जुन्या काळच्या विलायती राण्या घालायच्या तसा कंबर आवळणारा कॉर्सेट, खाली घेरदार परकर, चेहऱ्यावर पांढरा रंग, डोळ्यांभोवती काजळ. बारावीचं वर्ष होतं. आई नाही म्हणेल अशी माझी खात्रीच होती, म्हणून मी भांडणाची तयारी करूनच स्वयंपाकघरात गेले.

“आई, प्लीज, इट्स जस्ट वन पार्टी. आय विल स्टडी आफ्टर दॅट, प्रॉमिस.”

आईने कणीक मळता मळता मोबाइलवरचा फोटो बघितला. “हे आवळून घेऊन त्या बायका जेवायच्या कशा?” तिने विचारलं, आणि मग म्हणाली, “शिवूया. पण बाजारातनं काही आणायचं नाही. घरात असेल त्यातनं.”

शिवणाची गोष्ट दिसली की तिला अभ्यास, परीक्षा, कशाचीच शुद्ध राहायची नाही. तिच्यातली ही एकच बेजबाबदार जागा, आणि मी तिचा पुरेपूर फायदा घेतला.

अस्तराला जुन्या पडद्यांचं जाड कापड निघालं. वरून लावायला आईने कपाटातून आजीची, म्हणजे तिच्या आईची, राखी रंगाची रेशमी साडी काढली. आजीला जाऊन बरीच वर्षं झाली होती. साडी घडीवर विरली होती पण मधलं कापड अजून सळसळत होतं. कॉर्सेटला ताठपणा यायला आत पट्ट्या घालाव्या लागतात. त्या बाबांनी दिल्या. टाइल्सच्या खोक्यांना बांधायच्या प्लास्टिकच्या पट्ट्या ते गाडीच्या डिकीत भरून घेऊन आले. त्यांची टोकं आम्ही मेणबत्तीवर धरून गोल केली, म्हणजे अंगात टोचणार नाहीत. घरभर जळक्या प्लास्टिकचा वास सुटला, आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंनी वॉचमनला वर पाठवलं. मागे आवळायला दोरी म्हणून सलवारीची नाडी.

प्रश्न मापाचा होता. असा कपडा स्वतःच्या अंगावर स्वतःला मापता येत नाही, कारण तो पाठीत आवळायचा असतो. आईची आणि माझी अंगलट तेव्हा सारखीच होती, तिची ब्लाउजं मी सर्रास घालायचे. तेव्हा आईच माप व्हायला उभी राहिली. इंटरनेटवरच्या एका बाईने दाखवलं होतं तसं मी आईला छातीपासून कमरेखालपर्यंत जेवण झाकायच्या पातळ प्लास्टिकने गुंडाळलं आणि वरून तपकिरी चिकटपट्टीचे वेढे दिले, अगदी घट्ट. उजव्या बाजूला दाबलं तेव्हा तिने श्वास आत ओढला. “दुखलं?” मी विचारलं. “गुदगुल्या,” ती म्हणाली. मग मी पाठीवरून कात्री चालवली आणि ते टरफल सोलून काढलं. पुन्हा चिकटवून, आत जुन्या चादरी कोंबून स्टुलावर ठेवलं, तर समोर आई उभी. डोकं नाही, हात नाहीत, पण पोटाचा हलकासा फुगार, एका बाजूला किंचित झुकायची सवय, सगळं तिचं. तपकिरी चिकटपट्टी ट्यूबच्या उजेडात कातडीसारखी चमकायची.

“छान आहे तुझी बाई,” आई म्हणाली. “हात नाहीत, तोंड नाही, तरी तुझ्या बाबांपेक्षा जास्त वेळ घरात असते.”

बाबा आले तेव्हा दारातच थबकले. “ही कोण आणलीत?” त्यांनी विचारलं, आणि हसले. पण जेवायला बसताना त्यांनी खुर्ची फिरवून तिच्याकडे पाठ केली.

त्या बाईच्या मापावर मी कापड कापलं, तुकडे जोडले, पट्ट्या सरकवल्या. पहिल्यांदा कॉर्सेट तयार झाला तेव्हा आधी बाईला घातला, मग आईला. दोघींना सारखाच बसला. मागे नाडी ओवलेल्या दोन काठांमध्ये चार बोटांची फट राहिली. ती राहायलाच हवी, तिच्याशिवाय आवळणार काय? मलाही घालून बघितला, तसाच बसला. त्या दिवशी आईने गोडाचा शिरा केला. माझ्या हातून धडपणे झालेलं ते पहिलंच शिवण होतं.

काही दिवसांनी मी क्लासवरून लवकर आले. लॅचची चावी फिरवून आत शिरले तर हॉलमध्ये पडदे ओढलेले, आणि आईचा दबलेला आवाज. फोनवर असेल असं मला वाटलं. आई त्या बाईसमोर उभी होती. तिने दोन्ही हातांचे पंजे बाईच्या कमरेला लावले, मग तसेच, बोटांमधलं अंतर न मोडता, स्वतःच्या कमरेला लावले. पुटपुटत काय होती ते कळलं नाही. मी दप्तर खाली ठेवलं तशी ती झटक्यात वळली.

“धूळ पुसत होते,” ती म्हणाली. तिच्या हातात फडकं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बाई हॉलमधून गेली. आईने तिला बाल्कनीच्या कोपऱ्यात इस्त्रीच्या टेबलामागे उभी करून वर चादर टाकली होती. “मला नको ती समोर,” आई म्हणाली. “संध्याकाळी दिवा लावताना वाटतं, कुणीतरी बसलंय. तुला बघायचं तर माझ्या अंगावर बघ.” मला ते पटलं. मलाही पाणी प्यायला उठताना तिच्याकडे न बघता जावं लागायचं.

मग कॉर्सेट सैल व्हायला लागला.

आमच्याकडे अंगावर असताना कपडा शिवत नाहीत. अंगावर शिवतात ते मेलेल्या माणसाच्या, हे आजीचं म्हणणं आईने जसंच्या तसं शारजाला आणलं होतं. शिवावंच लागलं तर जिच्या अंगावर शिवायचं तिने दोऱ्याचा तुकडा दातांत धरायचा आणि टाका संपेपर्यंत बोलायचं नाही. त्यामुळे आमच्या त्या फिटिंगचं चित्र असं: आई आरशासमोर उभी, ओठांतून पांढरा दोरा लोंबतोय, आणि मी मागे तोंडात टाचण्या घेऊन. दोघी गप्प, आणि एसीची घरघर. पहिल्यांदा मागची फट दोन बोटांवर आली होती. मी म्हटलं, रेशीम ताणलं असेल. कुशीची शिवण आत घेतली, फट पुन्हा चार बोटं झाली. पुढच्या आठवड्यात दोन्ही काठ एकमेकांना टेकले. मी पुन्हा आत घेतलं. नंतरच्या वेळी काठ एकावर एक चढले.

“आई, व्हाय इज इट लूज अगेन? आय जस्ट डिड इट!”

आरशातली आई माझ्याकडे बघत राहिली. दोरा दातांत होता. तिने नुसते खांदे उडवले.

मी यंत्राला दोष दिला, दोऱ्याला दिला, आजीच्या साडीला दिला. टाके तर जागच्या जागी होते, एकही उसवलेला नव्हता. मी रोज कॉर्सेट कपाटाच्या मुठीला टांगायचे आणि एसीची हवा त्यात शिरून तो फुगायचा आणि बसायचा, फुगायचा आणि बसायचा. मी अंथरुणातून बघत राहायचे. तो वाढतोय असं मला खरंच वाटायला लागलं होतं. मग मी तो स्वतः घालून बघितला, तर माझ्या पाठीत तो मिटेचना! एवढी फट की नाडी पुरेना. म्हणजे आईला ढगळ आणि मला घट्ट. यातून मी अक्कल लढवून काढलेला निष्कर्ष असा, की मी जाडी झाले. मी भात सोडला. आईने माझ्या पानात वाढलेला भात मी तिच्याच पानात ढकलायचे आणि ती तो परत ढकलायची, आणि आम्ही दोघी हसायचो. तिच्या पानात तो भात तसाच राहायचा, हे मी बघत होते आणि मला दिसत नव्हतं.

रोशेलचं मत वेगळं होतं. “व्हूज साडी इज दॅट? युवर डेड नानीज? मनू, आर यू मॅड? इट्स हॉन्टेड, यार.” ती एवढ्यावर थांबली नाही, तिने तिच्या मम्मीला, ग्लोरिया आंटींना, फोन दिला. आंटी म्हणाल्या, “हॉन्टेड वगैरे काय नसतं गो. पण आमच्यात या दिवसांत मेलेली माणसं घरच्यांना बघायला येतात म्हणतात. येऊ दे की. आपलीच असतात.” त्यांचा धीर देण्याचा हेतू होता. मी फोन ठेवला आणि घरातले सगळे दिवे लावले.

शेवटी मी ठरवलं की चूक कुठे झाली ते मुळापासून शोधायचं. दुपार होती. आई आत झोपली होती. दुपारी झोपणाऱ्या बायकांना नावं ठेवणारी माझी आई हल्ली रोज झोपायची, आणि मी तेही उन्हाच्या नावावर टाकलं होतं. मी बाल्कनीतून बाईला आत आणलं. चादर काढली. कॉर्सेट तिला चढवला आणि नाडी ओढली.

तो मिटला नाही. मी गुडघा लावून ओढला तरी मिटला नाही. मागे हातभर वाटावी एवढी फट उरली, आणि फटीतून ती तपकिरी पाठ दिसत राहिली.

मी कॉर्सेट आत घेतला होता, त्यामुळे तो लहान झाला होता. सरळ होतं. तो मुळीच वाढला नव्हता. मला तो घट्ट होता कारण मी होते तेवढीच होते. बाईला तो घट्ट होता कारण ती गणपतीनंतरची आई होती. मग जिला तो ढगळ होत होता, ती... मी त्या बाईच्या पोटावर हात ठेवून उभी राहिले. मग आत गेले. आई कुशीवर झोपली होती आणि गाउनमधून तिच्या पाठीचे मणके दिसत होते. लिफ्ट उतरत होती. मी आईचा श्वास चालू आहे का ते बघितलं.

ती उठली. मी फिटिंग करायचं आहे म्हटलं. ती आरशासमोर उभी राहिली, दोरा दातांत धरला. मी सुई हातात घेतलीच नाही. पुढे झाले आणि तिच्या ओठांतून दोरा ओढून काढला.

“आई, तू बारीक होतेयस.” एरवी इंग्रजीत बोलणारी मी, हे मराठीतच बोलले.

तिने आरशाकडे पाठ केली. मग म्हणाली, “गाठ लागते हाताला. इथे, उजवीकडे. आजीलाही इथेच होती.”

“बाबांना माहितीये?”

“नाही. आणि कळायचं नाही. तुझी बारावी होऊ दे मार्चमध्ये. मग दाखवते. एकदा डॉक्टरचं सुरू झालं की घर राहत नाही मनू, मी बघितलंय. बोललं नाही तोवर घर असतं.”

“मार्च? आई, आर यू क्रेझी? मी आत्ता बाबांना फोन करते.”

मी मोबाइल उचलला तशी तिने माझं मनगट धरलं. तिची बोटं एवढी गार कधीच नव्हती. “तुला माझी शपथ आहे,” ती म्हणाली. “बाबांपाशी एक अक्षर बोललीस तर माझं मेलेलं तोंड बघशील.”

आज कुणी मला अशी शपथ घातली तर मी हसेन आणि फोन लावेन. पण आमच्या घरी शपथ ही चेष्टा नव्हती. आई खोटी शपथ घ्यायची नाही आणि घेऊ द्यायची नाही, आणि घातलेली शपथ जिने घातली तिनेच ‘सुटली’ म्हटल्याशिवाय सुटत नाही हे मला पाळण्यापासून शिकवलेलं. मी रडून, पाया पडून, “सोड ना गं, सुटली म्हण ना,” म्हणून बघितलं. ती चहा करायला गेली.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले मला सांगता येत नाही. बोलले तर आई मरणार, गप्प बसले तर आई मरणार. मध्ये एका सुट्टीला बाबा आले, जेवले, पठाणाची गोष्ट सांगितली, गेले. मी त्यांच्या ताटाकडे बघत बसले. “हिचं काय बिनसलंय?” त्यांनी विचारलं. “बारावी,” आई म्हणाली. आणि माझ्याकडे बघितलं, प्रेमानेच बघितलं, हे मला आजवर पचलेलं नाही. मला तिचा एवढा राग कधीच आला नव्हता आणि एवढी मायाही कधी वाटली नव्हती.

पार्टीच्या दिवशी बाबा मला अल कुसैसला सोडायला म्हणून मुद्दाम लवकर सुटून आले. पाचच्या सुमाराला दार वाजलं तेव्हा मी तोंड पांढरं रंगवून, डोळ्यांभोवती काजळ माखून तयार होते. तसं नसतं केलं तर आईला संशय आला असता. कॉर्सेट मात्र मी घातला नव्हता. घालूच शकत नव्हते.

“यल्ला, यल्ला, चला, ट्रॅफिक लागेल,” बाबा दारातूनच म्हणाले. “अरे बापरे! ही कोण भूतीण?”

मी दोऱ्याचा तुकडा दातांत धरला. बोलायचं नाही म्हणजे नाही. बाल्कनीतून बाईला आणलं आणि हॉलच्या मधोमध ठेवलं. तिला कॉर्सेट घातला, नाडी ओढली, आणि बाबांचा हात धरून मागची ती मोठी फट त्यांना दाखवली. मग कॉर्सेट सोडवून आईकडे गेले.

“मनू,” आई दबल्या आवाजात म्हणाली. “मनू, नको.”

तिने मला ढकललं असतं तर मी मागे झाले असते. तिने ढकललं नाही. मी तिच्या कुडत्यावरून कॉर्सेट चढवला आणि नाडी ओढली. काठ एकावर एक चढले आणि तरीही पुढून तो पोकळ राहिला. मी पुन्हा बाबांचा हात घेतला आणि आईची कंबर आणि कापड यांच्यामधल्या त्या पोकळीत घातला. त्यांचा अख्खा पंजा आत गेला.

बाबा आधी हसत होते. “काय खेळ चाललाय हा?” मग हसू थांबलं. त्यांनी वळून बाईकडे बघितलं, आईकडे बघितलं, परत बाईकडे. आयुष्यभर एकाच गोष्टीची आधीची आणि नंतरची मापं ताडून बघणारा माणूस तो, त्याला माझ्या शब्दांची गरज नव्हती. त्यांनी हात बाहेर काढला नाही.

“शुभा,” ते म्हणाले, “त्या बाईचं माप कधीचं आहे?”

एसीची घरघर चालू होती. आईने माझ्याकडे बघितलं, माझ्या पांढऱ्या तोंडाकडे, दातांतल्या दोऱ्याकडे.

“गणपतीनंतरचं,” ती म्हणाली.

बाबांनी गाडीची चावी खिशातून काढलीच नव्हती. आम्ही तसेच निघालो. हॉस्पिटलच्या रिसेप्शनवरच्या फिलिपिनो मुलीने माझं तोंड बघितलं आणि व्हीलचेअर घेऊन माझ्याकडेच धावत आली. बाबा म्हणाले, “नो नो, नॉट शी. माय वाइफ.” आई त्या खुर्चीत बसली, आणि बसताना मला म्हणाली, “तोंड धू आधी.” त्यानंतर ती माझ्याशी कितीतरी दिवस बोलली नाही. तपासण्या झाल्या, आतड्यात गाठ निघाली, ऑपरेशन ठरलं, ती सगळ्यांशी बोलत होती, नर्सना त्यांच्या मुलाबाळांबद्दल विचारत होती, फक्त माझ्याशी नाही. मी स्वतःला बजावत होते की मी एक अक्षरही बोललेले नाही. पण डोळे मिटले की तिचं ते वाक्य पुढे यायचं, आणि त्यातलं तोंड. दोन नोव्हेंबरला ग्लोरिया आंटींचा फोन आला. “आज आमच्यात मेलेल्यांसाठी मेणबत्त्या लावतात,” त्या म्हणाल्या. “तुझ्या आईसाठी मी लावली नाही हां, मुद्दाम नाही लावली. तिच्यासाठी नुसती प्रार्थना केली.” मी त्यांना थँक यू म्हणायचं विसरले.

ऑपरेशन नीट झालं हे आत्ताच सांगून टाकते, वाचणाऱ्याला टांगून ठेवण्यात मला मजा वाटत नाही. डॉक्टर म्हणाले, मार्चपर्यंत थांबला असता तर आम्हाला हात लावायला काही उरलं नसतं. आई पुढे बरीच वर्षं जगली, माझ्या मुलींचे फ्रॉक शिवले, आणि शेवटी झोपेत गेली, वय झाल्यावर, ज्याला आपण चांगलं मरण म्हणतो तशी. पण ऑपरेशनच्या सकाळी यातलं काही आम्हाला माहीत नव्हतं. बाबा काउंटरपाशी गेले होते. ट्रॉलीवर आई, डोक्याला हिरवी टोपी, हातातल्या बांगड्या काढलेल्या. मी पायाशी उभी होते, कारण जवळ जायची मला हिंमत नव्हती. तिने बोटाने मला बोलावलं. मी वाकले.

“सुटली,” ती म्हणाली.

मला आधी कळलंच नाही.

“शपथ सुटली. तू पण म्हण.”

“सुटली,” मी म्हटलं.

“मोठ्याने म्हण.”

मी मोठ्याने म्हटलं. कॉरिडॉरमधली माणसं वळून बघायला लागली.

“आता आत मला काही झालं तर ते माझं मला झालं,” आई म्हणाली. “तुझ्यामुळे नाही. आयुष्यात कधी तसं मनात आणायचं नाही. कळलं?”

मी मान हलवली. तिने माझ्या गालावर हात ठेवला, मग तो काढून घेतला आणि ट्रॉली ढकलणाऱ्या माणसाकडे बघितलं.

“यल्ला, भैया,” ती म्हणाली, आणि तो तिला आत घेऊन गेला.